परमुलखातील दावण : साथीच्या बंदीत बीडची ऊसतोड कुटुंबे व त्यांची जनावरे

महाराष्ट्रातील साथीच्या रोगांचा इतिहास आजवर बव्हंशी शहरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८९६–९७ च्या प्लेगचे नाव काढताच मुंबईची मांडवी, पुण्याच्या पेठा, घरझडत्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळ्या आपणांस आठवतात. २०२० सालच्या करोना साथीचे लेखनही याच वळणाने चालले आहे. बंद दारे, ओस पडलेले रस्ते आणि घरात कोंडलेली मध्यमवर्गीय कुटुंबे हे त्याचे ठरलेले चित्र होय. त्या चित्रात पाळीव प्राण्यालाही जागा मिळाली. स्पेनमध्ये मुलांना घराबाहेर नेण्याची मुभा एप्रिलच्या अखेरीस मिळाली. कुत्र्याला फिरवून आणण्याची मात्र आरंभापासून होती. परदेशी राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनीही त्या काळात घरातील मुक्या सोबत्याचा आधार अनुभवला. परंतु त्याच महिन्यांत महाराष्ट्रातच एक फार मोठा समाज घरापासून शेकडो किलोमीटर दूर, आपल्या जनावरांसह, उघड्या रानात अडकून पडला होता. त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या समाजाचा एक मुलूख म्हणजे बीड जिल्ह्यातील केज तालुका, आणि त्यातील नांदूरघाट हे महसूल मंडळाचे गाव. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर या रेल्वे स्थानकाच्या गावाशी त्याची गल्लत होऊ नये. बालाघाटाच्या या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा आणि जमीन बव्हंशी कोरडवाहू. मांजरा नदी याच डोंगररांगेत, पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि केज तालुक्यात धनेगाव येथे तिच्यावर धरण आहे. तरीही डोंगराकडील शिवारास तिच्या पाण्याचा उपयोग थोडा. खरिपाचे पीक हाती आले न आले तोच येथील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात.

हे स्थलांतर प्राचीन नव्हे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या दोन दशकांत अशा कारखान्यांची मालिका उभी राहिली, आणि उसाच्या तोडणीसाठी हंगामी मजुरांची गरज निर्माण झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटावरील गावांतून जाणाऱ्या टोळ्यांची संख्या वाढत गेली. या व्यवहाराची स्वतःची परिभाषा आहे. पतिपत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात, कारण हिशोब माणसांचा नव्हे, कोयत्यांचा असतो. मुकादम हंगामापूर्वी जी रक्कम आगाऊ देतो ती ‘उचल’. ती फिटेपर्यंत माणूस टोळीस बांधलेला असतो. हंगाम संपला म्हणजे ‘पट्टा पडला’.

या व्यवस्थेत बैलाचे स्थान नीट ध्यानात घेतले पाहिजे. जी कुटुंबे बैलगाडीने ऊस वाहतात त्यांची गाडी पुष्कळदा कारखान्याची असते, बैल मात्र स्वतःचे. उचलीतील मोठा भाग बैलजोडीच्या खरेदीत जातो. म्हणजे कर्जाचे रूपांतर जनावरात होते आणि जनावराच्या श्रमातून ते कर्ज फिटते. बैलाचे पोट भरण्याची सोयही त्याच कामात आहे. ऊस तोडल्यावर शेंड्याकडील जो हिरवा भाग उरतो, ती ‘वाढे’, मजुरांच्या वाट्यास येतात. त्यांवर बैल जगतात, आणि उरलेल्या पेंढ्या विकून घरच्या मिठामिरचीची सोय होते. तोड चालू तोपर्यंत चारा आहे. तोड थांबली की चारा थांबला. २०२० च्या वसंतात जे घडले त्याची किल्ली या एका गोष्टीत आहे.

आता साथीकडे वळू. २०१९–२० चा गाळप हंगाम ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीतील महापुरामुळे उशिरा, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाला होता. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले करोना रुग्ण आढळले. १३ मार्चला राज्य शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. २३ मार्चला जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. साखर ही जीवनावश्यक वस्तू असल्याने गाळपास बंदी नव्हती. त्यामुळे एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. ज्या शिवारात ऊस उभा होता तेथे मजुरांनी तोडणी चालू ठेवावी, परंतु त्यांनी गावी मात्र जाऊ नये. ज्या कारखान्यांचा पट्टा पडला तेथील टोळ्यांना तर कामही उरले नाही आणि वाटही उरली नाही.

खोपीतील या मुक्कामाचे स्वरूप शहरातील टाळेबंदीहून मुळातच निराळे होते. पाचटाची व ताडपत्रीची खोप, शेजारी गाडी, गाडीच्या जूजवळ बांधलेली जोडी, क्वचित एखादी शेळी, चार कोंबड्या आणि टोळीबरोबर गावाहून आलेले कुत्रे, असा तो संसार. ‘घरात राहा’ या आज्ञेस तेथे अर्थ नव्हता, कारण घर तीनशे किलोमीटरवर होते. शिधापत्रिका गावी, आठवडे बाजार बंद, हातातील पैसा उचलीच्या खात्यात वळता झालेला. निवारा व अन्नधान्य यांची सोय कारखान्यांनी करावी अशा शासनाच्या सूचना होत्या, आणि माणसांचा शिधा काही ठिकाणी पोचलाही. परंतु शिधा माणसांचा असतो. वाढे संपल्यावर बैलांना काय घालावे याचे उत्तर सूचनांतून मिळण्यासारखे नव्हते. चैत्राच्या उन्हात वैरण व पाणी शोधण्याचे काम घरोघर बहुधा स्त्रियांकडे आले. जी बाई पहाटे उठून दिवसभर मोळ्या बांधीत होती, तीच आता बांधाबांधाने गवत कापीत हिंडू लागली, आणि परक्या गावातील लोक साथीच्या भयाने तिला शिवारात फिरू देईनात.

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. ही माणसे बैल तेथेच विकून मोकळी का झाली नाहीत? एरवी हंगाम संपल्यावर पुष्कळ कुटुंबे तसेच करतात. उन्हाळाभर जोडी सांभाळणे परवडत नाही म्हणून ती विकावयाची आणि पुढील हंगामापूर्वी नवी घ्यावयाची, असा परिपाठ आहे. बीडकडे नेकनूरसारखे नावाजलेले जनावरांचे बाजार या उलाढालीवर चालतात. पण टाळेबंदीत गुरांचे बाजार बंद होते. शिवाय मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीसही बंदी असल्याने थकलेल्या जनावरास गिऱ्हाईक आधीच कमी झाले होते. अशा रीतीने जे जनावर कालपर्यंत कर्ज फेडण्याचे साधन होते, तेच बसून खाणारे झाले. तरीही त्याला सोडून जाणे शक्य नव्हते. मोटारीने चोरून गावी जाऊ पाहणारा एकटा मजूर कदाचित निसटलाही असता. दोन बैलांसह निसटणे कोणासही जमण्यासारखे नव्हते. टोळ्यांतील काही माणसे गाड्या जुंपून वा पायी निघाली, त्यांतील कित्येकांना सीमेवर थांबविण्यात आले.

अखेर १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने या मजुरांना स्वगृही परतण्याची परवानगी दिली. ३८ कारखान्यांच्या क्षेत्रात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर अडकले असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. कारखान्यांनी मजुरांची व कुटुंबीयांची आरोग्य तपासणी करावी, प्रमाणपत्रे द्यावीत, याद्या कराव्यात, असे ठरले. सुटकेचा तो निर्णय खचितच महत्त्वाचा होता. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र एवढे नोंदवावे की हा आकडा माणसांचा आहे. गाडीवानाच्या प्रत्येक कोयत्यामागे दोन बैल धरले तर जनावरांची संख्याही लहान असणार नाही. पण साथीच्या आकडेवारीत ती कोठेही दिसत नाही.

या अनुभवाची तुलना प्लेगच्या काळाशी केल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि ते १९४८ पर्यंत तसेच राहिले. पुढे १९५६ पूर्वीच्या ‘ब’ वर्ग राज्यांचा प्रदेश, म्हणजे हैदराबाद राज्यही, या केंद्रीय कायद्याच्या व्याप्तीतून वगळणारे शब्द त्याच्या पहिल्या कलमात राहून गेले होते. ते २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने काढण्यात आले. एका जुन्या राज्यसीमेची खूण कायद्याच्या पाठात अशी कितीतरी वर्षे टिकून होती.

कायद्याहून लोकांचा आचार अधिक बोलका आहे. घरात उंदीर पडला की गाव सोडावयाचे, हा प्लेगच्या काळातील दख्खनच्या खेड्यांचा शहाणपणा होता. उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिले. परंतु जनावराच्या मरणातून धोक्याची सूचना घेण्यास खेडूत त्याआधीच शिकला होता. माणसे रानात झोपड्या घालीत, गुरेढोरे बरोबर नेत, आणि साथ ओसरल्यावर परत येत. ही बंदी नव्हती, सुटका होती. रान आपले होते, विहीर आपली होती, आणि दावण माणसापासून तुटली नव्हती. २०२० मध्ये रान तेच, झोपडीही तशीच. परंतु रान परक्याचे, आणि तेथून हलण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती. एकाच प्रकारचा मुक्काम एका काळी आश्रय ठरतो व दुसऱ्या काळी अडकाव, याचे कारण रोगाच्या स्वरूपात नसून जमिनीशी असलेल्या नात्यात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

गंमत अशी की परत आलेल्या मजुरांपैकी अनेकांस गावाने पुन्हा रानाचीच वाट दाखविली. काही दिवस शेतात वा शाळेत राहा, मग वेशीच्या आत या, असे ठिकठिकाणी सांगण्यात आले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा परिपाठ गावाच्या स्मृतीत कोठेतरी शिल्लक असावा. बीडच्या शेतकऱ्यास गोठ्यासह घराबाहेर राहणे तसे नवे नव्हतेच. २०१९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे अवघ्या एका वर्षापूर्वी, दुष्काळामुळे जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या होत्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे गुरांजवळ महिनोन् महिने मुक्कामास होती. एका वर्षी छावणी, दुसऱ्या वर्षी खोप. फरक एवढाच की छावणीत शासनाने जनावरे मोजली होती व माणसे त्यांच्यामागून आली होती. टाळेबंदीत माणसे मोजली गेली आणि जनावरे त्यांच्यामागून आली.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण तो उपेक्षणीय नाही. दुष्काळाच्या प्रशासनास जनावर दिसते, साथीच्या प्रशासनास ते दिसत नाही. बालाघाटावरील कुटुंबात मात्र हा भेद नाही. तेथे माणसाचे कर्ज, चूल, प्रवास आणि घरी परतण्याची वेळ ही सर्व बैलाच्या दाव्याशी बांधलेली आहेत. म्हणून या साथीचा ग्रामीण इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने रुग्णसंख्येच्या तक्त्यांबरोबर कारखान्यांच्या याद्या, मुकादमांच्या वह्या, बंद पडलेल्या गुरांच्या बाजारांच्या पावत्या आणि ज्या स्त्रियांनी त्या उन्हाळ्यात वैरण जमविली त्यांच्या तोंडच्या हकीकती गोळा केल्या पाहिजेत. ही साधने नाशवंत आहेत. मुकादमाची वही उचल फिटली की फाडून टाकली जाते. हकीकत सांगणारी माणसे अद्याप आहेत, आणि दर दसऱ्यानंतर ती पुन्हा गाव सोडतात. नांदूरघाटसारख्या गावी जाऊन त्यांना गाठावयाचे तर पट्टा पडल्यावर, पावसाळ्यापूर्वीच्या थोड्या दिवसांतच गाठावे लागेल.