खाजन शेती आणि गावकरी

गोमंतकातील महाजन कुळांचा इतिहास देवालयाच्या सभामंडपापुरता मर्यादित नाही. यांतील बरीच कुळे गावकरही होती, आणि गावकरीचे पहिले कर्तव्य होते भरतीच्या पाण्यापासून गावची जमीन राखणे.

मांडवी व जुवारी या नद्यांत भरतीचे खारे पाणी फार आतपर्यंत शिरते. त्यांच्या काठच्या सखल दलदलीला बांध घालून जी शेते निर्माण झाली, ती खाजने. ही विद्या बरीच प्राचीन आहे. बांदिवडे येथील मौर्य राजा अनिर्जितवर्मन याच्या ताम्रपटात, म्हणजे सुमारे सहाव्या-सातव्या शतकात, ‘खज्जन’ हा शब्द आढळतो. आज गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे.

खाजनाची रचना वरवर साधी दिसते, पण तिच्यामागील बुद्धी साधी नव्हे. चिखल, पेंढा व चिऱ्यांचा बांध, त्याच्या बाहेरील अंगास लाटांचा जोर मोडणारी खारफुटी, आणि बांधात बसविलेली मानस. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या रेट्याने उघडतात आणि पावसाचे पाणी नदीत जाते. आत पाणी साठविण्यासाठी पोय असते. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारे सोसणारे भात तेथे पिकते. मानशीवरील मासळीचा लिलाव होई. एकाच पाण्यातून भात आणि मासळी दोन्ही घ्यावयाची, पण मासळीच्या लोभाने भात बुडवावयाचे नाही, असा हा तोल होता.

तो राखला संस्थेने. खेकड्याने पाडलेले भोक वेळीच बुजविले नाही, तर खांड पडून अनेकांची शेते खारी होतात. तेथे एकट्या शेतकऱ्याचे काय चालणार? म्हणून उत्पन्नातून बांधाचा व गावाचा खर्च भागवून मग उरलेल्यातून गावकरांस जोण मिळे. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज फोरालमध्ये नोंदविले. पोर्तुगीजांनी गावकरी निर्माण केली नाही. तिला कोमुनिदाद हे नाव दिले, आणि कालांतराने तिच्यावर सरकारी देखरेखही बसविली.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक झाले. कसणाऱ्यास जमीन मिळाली हे न्याय्यच झाले. मात्र बांध एका शेताचा नसतो, तो साऱ्या खाजनाचा असतो. १९७५ च्या नियमांन्वये ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. काही संघांनी ती निष्ठेने पाळली; पण अनेक ठिकाणी शेती परवडेना, तरुण नोकरीस गेले, आणि मासळीचा पैसा भातापेक्षा अधिक झाल्यावर खारे पाणी मुद्दाम आत घेण्याचे प्रकार घडू लागले. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीही काठ खचले. अशी पडीक खाजने पुढे खारफुटीने व्यापली, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने ती पुन्हा लागवडीखाली आणणे अधिकच अवघड झाले.

२०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे नकाशे करण्याचे ठरविले आहे. नकाशावर खाजनाची सीमा दिसेल. पावसाळ्याच्या तोंडावर मानशीचे दार तपासावयास कोण जाणार, हे मात्र गावातच ठरावे लागते.