परतीचे दार : धर्म आणि 'कल्ट' यांतील भेदाविषयी इतिहासाची साक्ष

'पंथ' हा शब्द मराठीत मुळीच हीन नाही. नाथपंथ, महानुभाव पंथ, वारकरी पंथ असे आपण म्हणतो तेव्हा 'मार्ग' एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. प्रेषितांच्या कृत्यांत आद्य ख्रिस्ती श्रद्धेलाही 'मार्ग' हेच नाव आढळते (९:२). लॅटिन 'कुल्तुस' ह्या शब्दाचा अर्थदेखील जोपासना, उपासना असाच निर्मळ आहे. परंतु त्यापासून निघालेल्या 'कल्ट' ह्या इंग्रजी शब्दाला विसाव्या शतकात एक काळी छटा चिकटली, आणि त्या छटेसह तो आता आपल्या बोलण्यातही आला आहे. वस्तीत एखादी नवी प्रार्थनासभा भरू लागली की भाविक आपल्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना विचारतात, "हा धर्म की कल्ट?" ह्या प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर अन्यायकारक ठरू शकते, आणि न दिलेले उत्तर घातक ठरू शकते. म्हणून इतिहास ह्याविषयी काय सांगतो ते पाहणे अगत्याचे आहे.

सामान्यतः आपण ज्या कसोट्या लावतो त्या अशा : समूह लहान आहे, नवा आहे, त्याचे आचार विचित्र आहेत, तो मुख्य प्रवाहातून फुटून निघाला आहे. ह्या चारही कसोट्यांवर आपले पूर्वज दोषी ठरले असते. राज्यपाल फेलिक्स ह्याच्या न्यायासनापुढे वकील तर्तुल्ल ह्याने पौलाला नासोरी पंथाचा पुढारी म्हणून हिणवले (प्रे. कृत्ये २४:५). पौलाने ते नाव आपल्या विरोधकांच्या पदरात टाकले व आपण पूर्वजांच्याच देवाची सेवा करतो असे उत्तर दिले. गमलिएलाची कसोटी काळाची होती : देवापासून असेल ते टिकेल, माणसांपासून असेल ते नष्ट होईल (५:३८-३९). ही कसोटी खरी आहे. पण तिचा निर्णय कळण्यास कधी कधी फार विलंब लागतो, आणि तोवर माणसे मरून जातात.

मग दुसरी एखादी खूण आहे काय? मला वाटते, आहे. जो आत आला त्याला बाहेर जाता येते की नाही, आणि गेलेल्याचे पुढे काय होते, ही ती खूण होय.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनिया-पंत प्रांताचा रोमन अधिपती धाकटा प्लिनी ह्याने सम्राट त्राजान ह्यास ख्रिस्ती लोकांविषयी एक पत्र लिहिले. हे लोक पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, नंतर पुन्हा जमून साधे निर्दोष अन्न खातात, अशी माहिती त्यात आहे. आद्य उपासनेचा पुरावा म्हणून हे पत्र आपण नेहमी वाचतो. परंतु ती माहिती प्लिनीला कोणी दिली, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती दिली ती ख्रिस्ती मार्ग सोडून गेलेल्यांनी. कोणी तीन वर्षांपूर्वी सोडला होता, कोणी त्याहून आधी, आणि काहींनी तर पंचवीस वर्षांपूर्वी. प्लिनीच्या समोर त्यांनी सम्राटाच्या प्रतिमेची पूजा केली व ख्रिस्ताला शापही दिला. तरीही जुन्या सोबत्यांविषयी सांगण्यासारखे वाईट असे त्यांच्यापाशी काही नव्हते. स्वतःच्या सुटकेसाठी त्यांनी सौम्य साक्ष दिली असेल अशी शंका घेता येईल. परंतु प्लिनीने दोन सेविकांना यातना देऊनही त्याला 'अतिरेकी अंधश्रद्धे'पलीकडे काही सापडले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सोडून गेलेला मनुष्य त्याच प्रांतात राहत होता आणि मंडळीने त्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता. त्या दुर्बळ, छळल्या गेलेल्या समूहाचे दार बाहेरच्या बाजूलाही उघडत होते.

हे दार प्रभूनेच उघडे ठेवले होते. पुष्कळ शिष्य सोडून गेले तेव्हा त्याने बारा जणांनाही तुम्हीदेखील जाऊ इच्छिता काय असे विचारले (योहान ६:६६-६७). श्रीमंत तरुण खिन्न होऊन परतला. त्याच्यावर प्रभूची प्रीती होती, तरी त्याने त्याला अडवले नाही (मार्क १०:२१-२२).

येथे कोणी म्हणेल की कठोर शिस्त व संपूर्ण समर्पण मागणारे मठ तर आपल्याही परंपरेत आहेत. हे खरे आहे. आणि म्हणूनच सहाव्या शतकातील संत बेनेदिक्त ह्याची नियमावली पाहण्यासारखी आहे. मठात येऊ इच्छिणाऱ्याची परीक्षा सुमारे एक वर्ष चालते. त्या अवधीत संपूर्ण नियम त्याला तीनदा वाचून दाखविला जातो, आणि पाळणे जमत नसेल तर तू जाण्यास मोकळा आहेस असे त्याला सांगितले जाते. प्रतिज्ञा घेतल्यावर त्याचे जुने कपडे फेकून न देता मठाच्या कोठारात ठेवावेत, कारण तो कदाचित पुढे निघून जाईल, अशीही तरतूद आहे. निघून जाणे बेनेदिक्ताला मुळीच मान्य नव्हते. ती तो सैतानाची फूस समजत असे. तथापि जाणाऱ्याचे कपडे त्याने ठेवून दिले. समर्पण कितीही कडक असो, परतीची वाट राखून ठेवलेली असली की त्याचे स्वरूप पालटते.

आता ह्याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. जिम जोन्स ह्याने १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी 'पीपल्स टेंपल' ही मंडळी उभारली. तिच्यात काळे-गोरे एकत्र बसत, भुकेल्यांना अन्न मिळे. १९६४ साली 'डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट' ह्या मान्यवर ख्रिस्ती संप्रदायाने जोन्सला दीक्षा दिली, आणि ही मंडळी अखेरपर्यंत त्याच संप्रदायाच्या नोंदीत होती. म्हणजे नाव, नोंद व सेवाकार्य ह्या कसोट्यांवर ती 'धर्म'च ठरली असती. परंतु आत काय चालले होते? लोकांची घरे व वृद्धांचे निर्वाहवेतन मंडळीच्या खजिन्यात जात होते. सर्वांसमोर मारहाण होत होती. जोन्स पवित्र शास्त्राची हेटाळणी करून स्वतःकडे देवपण घेत होता. त्याला जाब विचारील असा कोणीही त्याच्या वर राहिला नव्हता. सोडून गेलेल्यांनी १९७७ साली हे उघड केले तेव्हा त्यांस देशद्रोह्यासारखे लेखले गेले, आणि जोन्स शेकडो अनुयायांसह दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या अरण्यात गेला. तेथे पारपत्रे काढून घेण्यात आली व भोवती सशस्त्र पहारा बसला. १९७८ च्या नोव्हेंबरात काँग्रेस-सदस्य लिओ रायन चौकशीस आले, आणि काही जणांनी त्यांच्याबरोबर परत जाण्याची इच्छा व्यक्त केली. १८ नोव्हेंबर रोजी विमानाच्या धावपट्टीवर गोळीबार होऊन रायन यांच्यासह पाच जण ठार झाले. त्याच संध्याकाळी सायनाइड मिसळलेले पेय, प्रथम मुलांना आणि मग मोठ्यांना, देण्यात आले. त्या एका दिवसात ९१८ माणसे मेली. त्यांत तीनशेहून अधिक मुले होती. त्या मृत्यूंचे तात्कालिक निमित्त एवढेच की थोडी माणसे घरी जाऊ इच्छीत होती.

परंतु ही कसोटी इतरांना लावून आपण थांबलो तर इतिहासाशी अप्रामाणिक ठरू. इ. स. ३८५ च्या सुमारास त्रीर येथे प्रिसिलियन ह्या बिशपाला ख्रिस्ती सम्राटाने देहदंड दिला. त्याच्यावर खटला भरविण्यासाठी खटपट करणारे बिशपच होते. रक्त सांडू नये म्हणून तूरचा संत मार्टिन ह्याने केलेली विनवणी व्यर्थ गेली. आपल्या गोव्यात १५६० साली धर्मसमीक्षण न्यायालय बसले आणि मधला अल्प खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. त्याच्यापुढे आलेल्यांत पुष्कळ जण असे होते की ज्यांचा अपराध बाप्तिस्म्यानंतर जुने आचार पाळले एवढाच होता. श्रद्धा तीच, संस्कार तेच, प्रेषितीय परंपराही तीच. पण त्या न्यायालयापुरते परतीचे दार लोखंडी झाले होते. धर्म आणि कल्ट यांतील सीमारेषा दोन संस्थांच्या मधून जाते तशी एकाच संस्थेच्या अंगणातूनही जाऊ शकते, हे येथे दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा प्रसिद्ध करून श्रद्धेचा स्वीकार स्वभावतःच ऐच्छिक असतो असे स्पष्ट केले, ते ह्या दीर्घ अनुभवानंतर.

तेव्हा नव्या सभेविषयी कोणी विचारल्यास धर्मशिक्षकाने प्रथम तिच्या सिद्धांतांची यादी मागू नये. सिद्धांतांची परीक्षा अवश्य व्हावी. पण ती नंतर. आधी विचारावे : तेथून निघालेली माणसे आज कोठे आहेत, आणि त्यांच्याविषयी तेथे काय बोलले जाते? पौलाने अंत्युखियात केफाला तोंडावर दोष दिला (गलतीकरांस २:११), तसा तेथील पुढाऱ्याला कोणी देऊ शकतो काय? दानाचा हिशेब कोण तपासतो? आजारी माणसाला औषध घेण्याची व आईबापांना भेटण्याची मोकळीक आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळत नसतील, तर त्या कुटुंबाला सावध करणे हे आपले कर्तव्य आहे. उत्तरे सरळ मिळत असतील, तर मतभेद असूनही त्या सभेला दूषणे देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आणि हेच प्रश्न आपल्या धर्मग्रामालाही लावावेत. एखादे कुटुंब आपल्याला सोडून त्या नव्या सभेत गेले, तर त्यांच्या घरच्या मयताला आपण जातो काय? त्यांच्या मुलांशी आपली मुले बोलतात काय? लूकच्या शुभवर्तमानातील बापाने धाकट्या मुलाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि त्याला जाऊ दिले (१५:१२). म्हणूनच त्या मुलाला घर आठवले तेव्हा परत येण्याची लाज वाटली, भीती वाटली नाही.