दौलताबाद : फसलेली राजधानी, राहिलेली माणसे

सरकारचा एखादा हुकूम अंगलट आला की आपल्याकडे लोक चटकन ‘तुघलकी कारभार’ म्हणून मोकळे होतात. आमच्या उर्दू शाळांतून शिकून कॉलेजात गेलेली बुलढाणा जिल्ह्यातली मुलेही हाच शब्द पाठ करून दौलताबादच्या सहलीला निघतात. वाटेत सिंदखेडराजा लागते. तिथले लखुजी जाधवराव १६२९ मध्ये दौलताबादलाच निजामशाही दरबारात दगा होऊन मारले गेले, हे ठाऊक असणारी मुले थोडी. किल्ल्यावर खंदक, अंधेरी, मेंढा तोफ पाहून होते आणि एखादा विचारतोच, “सर, यात दिल्लीची राजधानी कुठे होती?”

प्रश्न खरा आहे. राजधानी दगडांची नसते, माणसांची असते. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरी ही राजधानी केली ती दक्षिणेवर ताबा राहावा म्हणून. दिल्लीपासून चाळीस दिवसांची वाट. बरनी लिहितो की दिल्ली पार ओस पडली; इब्न बतूता तर आंधळ्याला फरफटत आणल्याचा किस्सा सांगतो. पण तो हिंदुस्थानात पोचला त्या घटनेनंतर काही वर्षांनी, किस्सा ऐकीव. १३२७-२८ च्या दिल्ली परिसरातल्या संस्कृत शिलालेखांत मात्र नांदते शहर दिसते. हलवले गेले ते मुख्यतः अमीर, उलमा, सूफी आणि त्यांची कुटुंबे. त्यांचे हाल झाले, यात शंका नाही. घर सोडायला लावणारा हुकूम हा जुलूमच.

पुढे सुलतानाने परतीची परवानगी दिली, तरी सगळे परतले नाहीत. हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच राहिले, १३३७ मध्ये वारले. ‘फवाइदुल फुआद’ लिहिणारे अमीर हसन सिज्जीही जवळच खुलदाबादला विसावले आहेत. १३४७ मध्ये तर दौलताबादच्या बंडखोर अमिरांनीच दिल्लीशी नाते तोडले आणि बहमनी राज्य उभे राहिले.

त्यांच्या बोलीत मराठी मिसळत गेली, दखनी घडली. तिच्यातला ‘नक्को’ मराठीचाच. मुलांना हे सांगितले की ती हसतात. कारण बसमध्ये चढल्यापासून त्यांनी तो शब्द पन्नासदा तरी वापरलेला असतो. मग आम्ही बस खुलदाबादकडे वळवायला सांगतो. किल्ल्यापासून दहा-बारा किलोमीटर. राजधानीची माणसे तिथे भेटतात.