बाटलीवरचे आकडे आणि आपलं ऊन

जपानी सनस्क्रीन! हा शब्द बीड जिल्ह्यातल्या घरात ऐकायला मिळेल असं वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण हल्ली पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकणाऱ्या मुली सुट्टीत घरी येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत अशी एखादी ट्यूब हमखास असते. माझ्या नातीकडेही आहे. "आजी, तुझी स्किन ड्राय आहे की ऑयली?" असं तिनं मला विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं!

विज्ञान काही माझा विषय नव्हे. मी आपली मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास शिकवणारी. पण कुठलीही वस्तू हातात आली की हिचा इतिहास काय, असं विचारायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून वाचायला बसले. तर मंडळी, या बाटलीवरच्या आकड्यांना खरोखरच इतिहास आहे, आणि तो कळला की कोणती बाटली घ्यावी हेही बरंचसं कळतं.

सुरुवात १८०१ सालापासून करू. योहान रिटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं त्या वर्षी पाहिलं, की इंद्रधनुष्यातल्या जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही तिथं चांदीचं क्लोराइड ठेवलं तर ते काळं पडतं. म्हणजे तिथं न दिसणारे किरण आहेत. हेच अतिनील किरण. पुढे त्यांचे प्रकार पाडले गेले. त्यातले दोन आपल्यापर्यंत पोचतात. आखूड लहरींचे ते 'बी', ते प्रामुख्याने कातडी भाजतात. लांब लहरींचे ते 'ए', ते आणखी खोल जातात, त्वचा काळवंडवतात आणि सुरकुत्या लवकर आणतात. 'बी' किरण काचेत बरेचसे अडतात, 'ए' मात्र काचेतून आत येतात. एसटीच्या खिडकीशी बसून काच लावून घेतली म्हणजे ऊन लागत नाही, असं आपण समजतो, ते अर्धंच खरं आहे.

आता युरोप-अमेरिकेत काय झालं ते पाहू. तिकडे विसाव्या शतकात उन्हात लोळून अंग तांबूस करून घेण्याची फॅशन आली. समुद्रकिनारे भरू लागले. पण गोरी कातडी आधी भाजते, लाल होते, सोलते. म्हणजे हौस रंगाची आणि भीती भाजण्याची. त्यातून उन्हाची तेलं आणि मलमं बाजारात आली. फ्रान्समध्ये 'आंब्र सोलेर' हे तेल १९३६ साली निघालं. साहजिकच तिकडच्या शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं ते भाजण्याचं. तेच हे एसपीएफ. मलम लावलेली कातडी लाल व्हायला न लावलेल्या कातडीच्या किती पट ऊन लागतं, तो हा आकडा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७८ साली ही पद्धत आपल्या मसुद्यात घेतली आणि मग ती जगभर रूढ झाली.

या आकड्याची एक गंमत आहे. तीस एसपीएफ सुमारे ९७ टक्के 'बी' किरण अडवतो, आणि पन्नास सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा वीसने वाढला तरी फरक एका टक्क्याचा. शिवाय प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर लावून ही मोजणी होते. आपण त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतो. म्हणजे पन्नासाची बाटली घेतली तरी चेहऱ्यावर पन्नास नसतातच!

पण माझ्या मनात आलं, आपला प्रश्न भाजण्याचा आहे का? आपल्याकडे उन्हातून आलेलं माणूस लालबुंद होऊन सोलत नाही. ते काळवंडतं. बाळंतपणानंतर बायकांच्या गालावर, कपाळावर वांग येतो आणि उन्हानं तो गडद होतो. मग कुणी जायफळ उगाळून लावतं, कुणी आणखी काही. आपल्या कातडीचं दुखणं डागांचं आहे, आणि एसपीएफचा आकडा त्याबद्दल फारसं काही सांगत नाही.

'स्किन टाइप' या शब्दाचाही इतिहास असाच. बोस्टनचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली कातडीचे प्रकार पाडले. निमित्त होतं एका उपचाराचं. सोरालेन नावाचं औषध द्यायचं आणि मग 'ए' किरणांखाली रुग्णाला ठेवायचं. कुणाला किती मात्रा सोसेल हे नुसत्या केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून ठरेना. म्हणून त्यांनी रुग्णांनाच विचारलं, उन्हात तुम्ही भाजता की सावळे होता? त्या उत्तरांवरून गोऱ्या कातडीचे चार प्रकार झाले. आपल्यासारख्यांचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले, आणि सहाही प्रकारांची मांडणी १९८८ सालच्या त्यांच्या लेखात आली. आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्यात येतो.

यातली गंमत पुढेच आहे. सोरालेन हे नाव ज्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून आलं ती म्हणजे आपली बावची! कोडावर बावची लावून उन्हात बसवायचा उपचार आयुर्वेदात फार जुना. म्हणजे ज्या उपचारातून हे वर्गीकरण निघालं त्याचं मूळ आपल्या मातीतलं, आणि वर्गीकरणात आपली जागा मात्र शेवटी.

अशा वेळी जपानकडे वळावं लागतं. शिसेइडो ही तिथली कंपनी १८७२ साली टोकियोच्या गिन्झा भागात औषधाचं दुकान म्हणून सुरू झाली, आणि तिनं १९२३ साली उन्हापासून बचावाचं पहिलं जपानी प्रसाधन काढलं. जपानी माणसाचीही तक्रार मुख्यतः डाग आणि काळवंडणं हीच. म्हणून तिथल्या प्रसाधन उद्योगाच्या संघटनेनं १९९६ साली 'ए' किरणांसाठी वेगळं माप ठरवलं. तेच बाटलीवरचं पीए. कातडी काळी पडायला किती पट किरण लागतात त्यावर अधिक चिन्हं ठरतात. दोन ते चार पट असेल तर एक चिन्ह, आठपर्यंत दोन, सोळापर्यंत तीन. सोळाच्या वर गेलं की चार, आणि हे चौथं चिन्ह २०१३ साली आलं. पाश्चात्त्यांनी विचारलं, कातडी लाल कधी होते? जपान्यांनी विचारलं, काळी कधी होते? आपल्या कामाचा प्रश्न दुसरा आहे. म्हणून बाटली जपानी असो की देशी, आधी ही अधिक चिन्हं मोजावीत.

जपानी मलमं हलकी, पाण्यासारखी असतात यालाही कारण आहे. अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध मानलं जातं, त्यामुळे १९९९ नंतर वीसहून अधिक वर्षं तिथं किरण अडवणारा जवळजवळ एकही नवा घटक मंजूर झाला नाही. जपानमध्ये ते प्रसाधन मानलं जातं, त्यामुळे नवे घटक लवकर वापरात आले. शिवाय तिथला उन्हाळा दमट. चिकट मलम तिथं कोण लावणार?

आता नातीच्या प्रश्नाकडे येते. तेलकट कातडी असेल तर जेल किंवा पातळ 'इसेन्स' प्रकार बरा. कोरडी असेल तर क्रीम किंवा दुधासारखं 'मिल्क'. इथं आपण आपलं हवामान विसरू नये. टोकियोचा उन्हाळा घामाचा, आपला मे महिना बेचाळीस अंशांचा आणि कोरड्या वाऱ्याचा. अल्कोहोल असलेलं जेल तिथं गार वाटतं, इथं कोरड्या गालांना ओढल्यासारखं होईल. पटकन चुरचुरणारी, पुरळ उठणारी कातडी असेल तर वास आणि अल्कोहोल नसलेलं, फक्त जस्त किंवा टायटॅनियमच्या भुकटीचं घ्यावं. मात्र ते सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं पांढुरकं दिसू शकतं. घामात टिकणारं मलम घेतलं तर ते नुसत्या पाण्यानं निघत नाही, रात्री नीट धुवावं लागतं. कोणतंही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहावं. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लावावं आणि उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा. परदेशी बाटलीवर आयातदाराचं नाव आणि आयात नोंदणीचा क्रमांक आहे का हेही पाहावं. २०२० च्या नियमांप्रमाणे ही नोंदणी लागते.

वांग असणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की सावळी कातडी साध्या, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशानंही काळी पडते आणि तो काळेपणा टिकतो. गोऱ्या कातडीवर तसं झालं नाही. हा प्रकाश साधं सनस्क्रीन फारसं अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं मलम अडवतं. लोहाचं ऑक्साइड म्हणजे गेरूला तांबडा रंग देणारं द्रव्य! (म्हणून कुणी दुकानातला गेरू तोंडाला फासू नका हो.)

पण एक गोष्ट बजावून सांगायची आहे. उन्हापासून बचाव वेगळा आणि गोरं होणं वेगळं. जपानलाही गोरेपणाचं वेड आहेच. गोरा रंग सात दोष झाकतो, अशा अर्थाची म्हण तिथं आहे. २०१३ साली कानेबो कंपनीला रंग उजळवणारी आपली प्रसाधनं बाजारातून मागं घ्यावी लागली, कारण त्यांतल्या रोडोडेनॉल या घटकानं हजारो बायकांच्या अंगावर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. आपल्याकडे १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं, मनं बदलायला वेळ लागेल.

माझ्या नोकरीत एका वर्षी कबड्डीच्या संघातली चांगली चढाई करणारी मुलगी अचानक यायची बंद झाली. आईला विचारलं तर म्हणाली, "बाई, पोर उन्हानं काळी पडायली. उद्या पाहुणे बघायला आल्यावर काय सांगू?" मी पुष्कळ समजावलं. पोर काही मैदानावर परत आली नाही. आज त्या मुलीच्या हातात ही बाटली असती तर ती खेळली असती, की आई आणखी घाबरली असती, कोण जाणे. बाटली मुलींना उन्हात जाता यावं म्हणून असेल तर माझी तिला मनापासून संमती आहे. त्यांनी सावलीतच बसावं म्हणून असेल तर नाही. ऊन हाडांनाही लागतंच. डाग नकोत म्हणून पोरींनी अंगणही सोडावं, याला मी बचाव म्हणणार नाही.

आणि ज्यांना दर दोन तासांनी काही लावणं शक्यच नाही त्यांचं काय? १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात पाझर तलावांची, रस्त्यांची कामं निघाली. बायका भर उन्हात खडी फोडायच्या. डोक्यावरून पदर, वर चुंबळ, तोंडाला फडकं. आजही दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. फडात पाहा, लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, फक्त डोळे उघडे. जपानच्या शेतातल्या बायकाही गवताची रुंद टोपी आणि मनगटावर कापडी पट्ट्या वापरत आल्या आहेत. दाट विणीचं, गडद, सैल कापड किरण अडवतं. ते घामानं उतरत नाही आणि त्याला मुदतही नसते. अंबाजोगाईच्या रस्त्यावर स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींचा स्कार्फ आणि सनकोट ही त्याच पदराची पुढची पिढी.

कापडानं मात्र गाल आणि डोळ्यांभोवतीची जागा उघडी राहते, आणि वांग नेमका तिथंच येतो. फडातल्या बाईला गावच्या आरोग्य केंद्रात रंगीत मलमाची एक ट्यूब मिळाली, आणि दुपारी बारा ते तीन तिला सावलीत बसता आलं, तर या सगळ्या शोधांचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत पोचला असं म्हणता येईल. मुकादमाची उचल डोक्यावर असताना ती तीन तास बसणार कशी, याचं उत्तर मात्र कुठल्याही बाटलीवर छापलेलं नाही.