विमा, मदत आणि गावकुसाबाहेरचे घर

सोलापूर म्हटले की दुष्काळ, हे समीकरण शाळेच्या पुस्तकापासून आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. १८७६ चा दुष्काळ, १८९६ चा, १९७२ चा. खडी फोडणारे हात आणि सुकडीची रांग. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली गावे पाण्याखाली घातली, तेव्हा पुष्कळांना ते निसर्गाचे नवल वाटले. वरच्या अंगाला अतिवृष्टी झाली, सीना-कोळेगाव, खासापुरी, चांदणी या प्रकल्पांतून पाणी सोडावे लागले आणि लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. हीच सीना पुढे हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. तिथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, म्हणून भाषेचे अभिमानी तो संगम आवर्जून पाहायला जातात. संगमाच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या गावांत कोणाची घरे चढाला आहेत आणि कोणाची ओढ्याच्या तोंडाशी, हे पाहण्याचा प्रघात मात्र आपल्याकडे नाही.

पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात. पंचनाम्याचे निकष केंद्र सरकारच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या नियमांत लिहिलेले असतात. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये, झोपडी पडली तर ८ हजार आणि जनावरांचा गोठा पडला तर ३ हजार. घर कच्चे असले तरी चालते. ते 'घर' असले पाहिजे. झोपडी म्हणजे काय, तर गवत, माती, प्लॅस्टिकचा कागद यांनी उभारलेला, कच्च्या घराहूनही हलका असा तात्पुरता निवारा. म्हणजे तलाठ्याने कागदावर कोणता शब्द लिहिला, यावर पंधरापट रकमेचा फरक पडतो. शिवाय एक अट आहे. पडलेले घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे आणि तसे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे.

अधिकृत कोण आणि अनधिकृत कोण, हा प्रश्न सीनेच्या पुरात जन्माला आलेला नाही. महारवाड्याची जागा गावाने नेमून दिलेली होती, पण ती महारांच्या मालकीची कधीच नव्हती. वतनाच्या बदल्यात राबायचे आणि गावाने दाखवलेल्या ठिकाणी राहायचे. ते ठिकाण बहुधा गाव जिथे संपते तिथे, उताराला, ओढ्याकाठी. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. वतन गेले, पण घराखालच्या जमिनीचा कागद आपोआप हाती आला नाही. कुटुंबे वाढली, तसे वाढीव लोक गायरानावर सरकले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह आपण कसण्याच्या जमिनीसाठी म्हणून आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण पायाखालच्या दोन गुंठ्यांचा प्रश्न त्या लढ्याच्या पोटातच होता. ज्याच्याकडे तो कागद नाही त्याला सरकारी निकष 'अतिक्रमणधारक' म्हणतो, आणि विमा कंपनी तर त्याच्याशी बोलतच नाही.

विमा कंपनीचे हे वागणे जुने आहे. घराच्या आगविम्याचा धंदा लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर सुरू झाला. निकोलस बार्बन याने १६८० च्या सुमारास पहिली कचेरी काढली. त्याचा दर विटांच्या घराला अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के होता. धंद्याच्या हिशेबाने यात चूक काहीच नाही. लाकूड लवकर पेटते. पण लाकडी घरात राहणारा माणूस गरीब असतो, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. जो अधिक असुरक्षित त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व तिथे ठरले आणि बोटीने आपल्याकडे आले. आपल्याकडच्या आगविम्याच्या दरपत्रकातही गवत, बांबू, ताडपत्री यांचे 'कच्चे बांधकाम' वेगळे काढून त्याला चढा दर लावलेला असे. चातुर्वर्ण्याने माणसांची प्रतवारी केली, दरपत्रकाने भिंतींची केली. दोन्ही प्रतवाऱ्यांत आपली वस्ती एकाच टोकाला सापडते, हा योगायोग समजायचा असेल तर समजावा.

या तत्त्वाला आपल्या देशात मुळातून उलटा प्रश्न विचारणारा माणूस बाबासाहेब आंबेडकर होता, याची चर्चा फार कमी होते. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच कलमात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे, अशीही मागणी आहे. कारणे त्यांनी दोन दिली. खासगी कंपनीपेक्षा राज्याचा विमा माणसाला अधिक सुरक्षितता देतो, कारण त्यामागे राज्याची सारी साधनसंपत्ती उभी असते. आणि विम्याच्या रूपाने राज्याच्या हाती आर्थिक नियोजनासाठी पैसा येतो. ही मागणी आयुष्याच्या विम्याची होती, घराच्या नव्हे, हे नमूद केले पाहिजे. बाबासाहेबांच्या तोंडी नसलेली गोष्ट घालण्याची आपल्याला गरज नाही. महत्त्वाचा आहे तो विचाराचा रोख: विमा हा सावकाराचा सौदा न राहता नागरिकत्वाचा भाग व्हावा, हप्ता ऐपतीप्रमाणे घ्यावा, आणि संकटात सापडलेल्याने हात पसरण्याऐवजी हक्काने मागावे.

पुढे काय झाले? १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्या १ जानेवारी १९७३ पासून चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. मक्तेदारी आली, सार्वत्रिकता आली नाही. गिरण्या, गोदामे, मोटारी यांचे विमे उतरले; गावातले घर बाहेरच राहिले. १९८८ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण गरिबांसाठी झोपडी विमा योजना आणली. हप्ता सरकार भरणार, झोपडी जळाली तर १ हजार रुपये आणि आतल्या सामानाचे ५००. संकट एकच धरलेले होते, ते म्हणजे आग. पाण्याने वाहून गेलेली झोपडी तिच्यात बसत नव्हती. आणि दलितांच्या झोपड्यांना लागणारी आग पुष्कळदा दैवी नसते, हे १९७८ च्या मराठवाड्याने सगळ्या महाराष्ट्राला दाखवले होते. तिथे घरे पेटली ती विद्यापीठाच्या नामांतराच्या रागाने.

त्यानंतर पाच वर्षांनी किल्लारी झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे भुईसपाट झाली. सुमारे आठ हजार माणसे मेली. जखमींचे लोंढे लातूर आणि सोलापूरच्या रुग्णालयांत आले; सोलापूरकरांनी भाकरी, कपडे, रक्त सगळे दिले, त्याचे श्रेय त्यांना आहेच. पण त्या भूकंपाचा सर्वांत बोलका धडा भिंतींत होता. माणसे मेली ती चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली आणि धाब्याच्या मणभर मातीखाली. प्रतिष्ठेची खूण असलेला वाडा मारेकरी ठरला. कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांत राहणारी पुष्कळ माणसे वाचली. ज्या घराला दरपत्रक सर्वांत धोकादायक म्हणत आले, त्याने जीव वाचवले. गावाने आपल्याला दगड परवडू दिला नाही, म्हणून आपण जगलो. हा विनोद करण्याचा विषय नाही, तरी तो त्या वेळी वस्त्यांत केला गेला असेल तर नवल वाटू नये.

जगलेल्यांचे पुनर्वसन झाले तेव्हा मात्र हिशेब पुन्हा मूळ पदावर आला. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, सुमारे २८ हजार घरे बांधली गेली. घराचे माप कशावर ठरले? कुटुंबात माणसे किती यावर नव्हे, जमीन किती यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, सात हेक्टरच्या वर ७५०. शासनाचा युक्तिवाद असा की शेतकऱ्याला धान्य, अवजारे, बैल यांसाठी जागा लागते. ठीक आहे. पण सर्वस्व गेलेल्या माणसाला नवे घर देताना जुन्या मालमत्तेचा आरसा समोर धरायचा, ही कल्पना सरकारी तिजोरीतून येताना तरी कोणाला खटकली का? शिवाय एका मापाची घरे अनेक ठिकाणी एकत्र बसविली गेली. नकाशावर जात लिहिलेली नव्हती. लिहिण्याची गरजच उरली नव्हती. २५० फुटांची ओळ म्हणजे कोणाची, हे गावाला न सांगता कळत होते. भूकंपाने गावकूस पाडले आणि अभियंत्यांनी ते काटकोनात पुन्हा आखले.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी गाजला, पण कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. जी गावे हलवायची नव्हती तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. सोलापूरसह तेरा जिल्ह्यांत हे काम चालले, घरे दोन लाखांच्या आसपास. हानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळत आणि काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचे. सुरुवातीला हे लोकांच्या गळी उतरेना. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून बाया नेमल्या गेल्या. हप्ता कधी येतो, कोपऱ्यात सळई कशी घालायची, भिंतीला पट्टा कशाला हवा, ओव्हरसियरने काय लिहून घेतले, हे त्या घरोघर सांगत आणि विचारत. ज्या बाईला ग्रामसभेत बसू दिले जात नव्हते ती सिमेंटचे प्रमाण तपासू लागली. त्यातून पुढे बचत गटांचे जाळे उभे राहिले. लाखो देणगीदारांच्या ट्रकांपेक्षा हे काम मला मोलाचे वाटते, कारण ट्रक परत गेले.

समाजाची मदत म्हणून जी काही असते ती आपल्याकडे जातीच्या पाटांतून वाहते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. २००१ च्या कच्छच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर छावण्यांत, पाणवठ्यांवर, वाटपाच्या रांगेत दलितांना दूर ठेवल्याच्या तक्रारी झाल्या, अहवाल लिहिले गेले. म्हणून आपल्या समाजाने आपली स्वतःची मदत उभी करण्याची परंपरा निर्माण केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपले पहिले वसतिगृह सोलापुरातच उघडले, ही गोष्ट या शहराने विसरू नये. वर्गणी काढून पोरांच्या डोक्यावर छप्पर घालणे हा त्या काळातला आपला विमाच होता. आजही वस्तीत मयतीचा फंड असतो, भिशी असते. पण अशा फंडाला एक मर्यादा आहे. एक घर जळाले तर नव्व्याण्णव घरे सावरतात. पुरात शंभरही घरे एकदम जातात, तेव्हा वर्गणी कोणाकडे मागायची? इथे वस्ती पुरत नाही, गाव पुरत नाही. धोका दूरदूरच्या माणसांत वाटला गेला तरच तो पेलतो, आणि एवढा विस्तार फक्त राज्याकडे किंवा विम्याकडे असतो.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक झाले. आगीबरोबर पूर, भूकंप, वादळ, दरड हे सारे तिच्यात येते. घर स्वतःचे नसले तरी आतल्या सामानाचा विमा उतरवता येतो, ही गोष्ट भाड्याने राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. घराचा विमा उतरवायचा तर पुन्हा मालकीचा पुरावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्याचे काम चालू आहे. पण योजना गावठाणाची आहे, गायरानावरची वस्ती तिच्या रेषेबाहेर पडते.

सोलापुरात एक वेगळे उदाहरण उभे आहे. कुंभारीला कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजारांवर घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि नंतर असंघटित कामगारांच्या ३० हजार घरांच्या रे नगरची पहिली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. एकेकटीला बँकेने उभे केले नसते, त्या स्त्रियांनी संघटनेच्या बळावर घराचा कागद मिळवला. अशा वसाहतीचा विमा एकत्रितपणे उतरवणे धंद्याच्या भाषेतही शक्य आहे. सीनाकाठच्या वस्त्यांना तशी संघटना अजून मिळायची आहे. तोवर माढा-मोहोळच्या शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी २०२५ चे पंचनामे माहितीच्या अधिकारात मागवून एवढे तरी मांडावे: कोणत्या वस्तीत किती घरे 'घर' म्हणून लिहिली गेली, किती 'झोपडी' म्हणून, आणि किती अनधिकृत म्हणून लिहिलीच गेली नाहीत.