डिकन्सचा रातकिडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत नाताळ जवळ आला कीं चार्ल्स डिकन्सच्या नव्या कथेची घरोघर वाट पाहिली जाई. ही संवय 1843 सालच्या 'ए ख्रिसमस कॅरोल'नें लाविली. 1845 च्या डिसेंबरांत निघालेली 'द क्रिकेट ऑन द हार्थ' ही त्या मालेंतील तिसरी छोटी कादंबरी. हार्थ म्हणजे घरांतील आगटी, आणि क्रिकेट म्हणजे तिच्यापाशीं किरकिरणारा रातकिडा. त्याचा घरांतील वास तिकडे शुभ मानीत. गंमत अशी कीं, नाताळचें पुस्तक म्हणून खपलेल्या या प्रेमकथेंत नाताळ नाहींच. तींतील लग्नाचा दिवस जानेवारीच्या अखेरीस येतो.

जॉन पीरीबिंगल हा मालाची गाडी हांकणारा भोळा गृहस्थ. त्याची बायको डॉट त्याच्याहून पुष्कळच लहान. टॅकलटन नांवाचा खेळण्यांचा निष्ठुर व्यापारी जॉनला एका रात्रीं खिडकीपाशीं नेतो आणि दाखवितो कीं, ज्या बहिऱ्या म्हाताऱ्यास त्यानें घरीं आसरा दिला तो वेष पालटलेला तरुण आहे, आणि डॉट त्याच्याशीं एकांतांत बोलत आहे. जॉन रात्रभर आगटीपुढें बसून राहतो. बंदुकीकडेही त्याचा हात जातो. तोंच रातकिडा किरकिरूं लागतो, आणि त्या ओळखीच्या आवाजासरशीं संसारांतले सारे दिवस त्याच्यापुढें उभे राहतात. सकाळपर्यंत राग ओसरतो. दोष आपल्या वयाचा, असें ठरवून तो तिला मोकळी करावयास निघतो. खरी गोष्ट निराळीच असते. तो तरुण डॉटच्या मैत्रिणीचा परदेशाहून परतलेला प्रियकर. आणि त्या मैत्रिणीचें लग्न तर टॅकलटनशीं ठरलेलें!

आजच्या वाचकास हें फार गोड वाटेल, आणि तें गोड आहेच. परंतु डोळ्यांनीं फसलेल्या माणसास कानांनीं सोडविलें, एवढ्यावर डिकन्स थांबला नाहीं. दुसऱ्या एका दरिद्री घरांत त्यानें बर्था ही आंधळी मुलगी बसविली. तिच्या बापाचा कोट एका खोक्यावरच्या गोणपाटाचा. पाठीवर 'काच' हीं मोठीं अक्षरें तशींच राहिलेलीं. मुलीस मात्र तो सांगतो कीं कोट नवा, निळा आहे, घर सुंदर आहे, मालक टॅकलटन मोठा दयाळू आहे. बर्था त्या कल्पनेंतल्या टॅकलटनवर जीव लावून बसते. बापाला अखेर सत्य कबूल करावें लागतें, तो प्रसंग जॉनच्या संशयाहून अधिक टोंचतो. आवाजावर सर्वस्वीं विसंबणाऱ्याची ही फसवणूक, तीही मायेपोटीं!

ही कथा डिकन्सनें स्वतः लोकांपुढें वाचली. 1853 च्या डिसेंबरांत बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्यें एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठीं त्यानें तीन वाचनें केलीं: 27 तारखेस 'कॅरोल', 29 तारखेस 'क्रिकेट', आणि 30 तारखेस पुन्हा 'कॅरोल', हें मजुरांसाठीं स्वस्त दरांत. पुढें 29 एप्रिल 1858 रोजीं लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्यें त्यानें स्वतःच्या मिळकतीसाठीं वाचनास आरंभ केला, तोही 'क्रिकेट'नेंच. निवड विलक्षण खरी! त्याचा स्वतःचा 22 वर्षांचा संसार त्याच सुमारास मोडत होता. दुसऱ्याच महिन्यांत पतिपत्नी विभक्त झालीं. आगटीपाशीं टिकून राहिलेल्या घराची कथा सांगणाऱ्याच्या घरांत रातकिडा गप्प झाला होता. ही कथा पुढें त्याच्या वाचनांतून मागें पडली. 15 मार्च 1870 च्या अखेरच्या वाचनांत 'कॅरोल' होती, 'क्रिकेट' नव्हती.

त्याच वर्षीं जूनमध्यें तो वारला. एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा. तेव्हां डिकन्सचा आवाज कोणास राखतां आला नाहीं. इंग्लंडांत अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें निघालीं तीं 1935 सालीं. तबकडी मिनिटास 24 फेरे घेई आणि एका बाजूस सुमारें 25 मिनिटें वाचन मावे. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेले सैनिक तीं ऐकणाऱ्यांत होते. आज 'क्रिकेट' फोनवरही ऐकावयास मिळते, आणि ती पूर्ण ऐकावयास तीन-साडेतीन तास पुरतात.