श्रद्धा आणि ईश्वरसिद्धी

ईश्वर आहे हे केवळ श्रद्धेच्या आधारावर मानणे रास्त आहे काय, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत चाललेला वाद. इसवी सनाच्या पाचव्या ते बाराव्या शतकांत तो विशेष रंगला. नैयायिक, मीमांसक, बौद्ध, जैन आणि वेदान्ती असे सगळेच त्यात उतरले. भारतीय परंपरेने देवाबद्दल कधी पुरावा मागितला नाही, असा एक समज रूढ आहे. तो साफ चुकीचा आहे. सर्वांत कडक हरकतींपैकी काही तर वेदांना शिरोधार्य मानणाऱ्यांनीच घेतल्या.

दर्शनांच्या वादात श्रद्धेची बाजू ‘शब्द’ या प्रमाणाच्या रूपाने मांडली जाते. ग्रंथ सांगतो किंवा जाणता माणूस सांगतो, म्हणून मानायचे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी शब्दाला प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या पंक्तीत बसवले, पण एक अट घातली: सांगणारा ‘आप्त’ हवा. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते विषय स्वतः जाणणारा आणि जसा जाणला तसा सांगण्याची इच्छा असणारा तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. कुळ, जात, पंथ यांपैकी कशानेही माणूस विश्वासार्ह ठरत नाही, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती.

मग वेदांवर विश्वास का ठेवायचा? सूत्रकाराने दिलेला दाखला आयुर्वेदाचा आणि मंत्रांचा आहे. वैद्यकाने सांगितलेल्या औषधाचा गुण येतो की नाही हे रोग्याला कळते. जिथे पडताळा घेता येतो तिथे सांगणारा खरा ठरला, म्हणून जिथे पडताळा घेता येत नाही तिथेही त्याचे मानावे. व्यवहारात आपण याच रीतीने चालतो. तरी यात एक उडी आहे. ज्वरावरचा काढा लागू पडला म्हणून त्याच परंपरेचे स्वर्गाविषयीचे विधान खरे ठरत नाही, कारण दोन्हींचा जाणकार एकच होता हे वेगळे सिद्ध करावे लागते.

याहून मोठी अडचण अन्योन्याश्रयाची. नैयायिक म्हणतात, वेद प्रमाण, कारण ते ईश्वराने सांगितले. ईश्वर आहे हे कशावरून, तर वेदांवरून असे उत्तर दिले की दोन्ही विधाने एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतात आणि जमिनीला कोणीच टेकत नाही. केवळ श्रद्धेवर उभारलेल्या प्रत्येक ईश्वरसिद्धीचे मर्म याच ठिकाणी आहे.

त्यावर सर्वांत जिव्हारी घाव घातला तो सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टाने. तो मीमांसक आणि कट्टर वैदिक होता. मात्र मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीच न रचलेले. त्यांना कर्त्याची गरज नाही. ‘श्लोकवार्तिका’त तो विचारतो, की सृष्टीपूर्वी कोणी प्राणीच नव्हते, तर स्रष्ट्याला करुणा कोणाची आली? आणि करुणेनेच निर्मिती केली, तर ती केवळ सुखाची का नाही? त्याचा पुढचा मुद्दा श्रद्धेच्या मुळाशी जातो. ‘मी हे जग निर्माण केले’ असे खुद्द स्रष्ट्याने सांगितले, तरी ते पुरेसे नाही. स्वतःचे ऐश्वर्य मिरवण्यासाठी तो न केलेलेही केले म्हणू शकेल. साक्षीदार कितीही थोर असला तरी स्वतःच्याच दाव्याला त्याची साक्ष पुरत नाही, हा नियम कुमारिलाने देवालाही लावला.

मिथिलेचा नैयायिक उदयन (दहावे–अकरावे शतक) याने ही अडचण टाळली नाही. त्याचा ‘न्यायकुसुमांजली’ हा पाच स्तबकांचा ग्रंथ ईश्वरसिद्धीवरील भारतातील सर्वांत गाजलेला ग्रंथ होय. आरंभीच तो सांगतो, की प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या नावाने त्यालाच भजतो. कारागीरसुद्धा त्याला विश्वकर्मा म्हणून पूजतात. मग संशय तरी कशाला घ्यायचा? उदयनाचे उत्तर मोलाचे आहे. श्रवणानंतर मनन यायचे असते, आणि ही तर्कचर्चा हेच ते मनन, म्हणून तीही उपासनाच. ईश्वराविषयी पुरावा मागणे हा भक्तीचा भंग होत नाही, असे एका निस्सीम भक्ताने इतक्या स्पष्टपणे क्वचितच म्हटले असेल. पुढे तो अनुमाने मांडतो: घट हे कार्य म्हणून त्याला कुंभार, तसे पृथ्वी आदी कार्यांना कर्ता हवा, जड परमाणूंना आरंभी गती देणारा हवा, विश्व तोलून धरणारा हवा, विणकामासारख्या कलांचा पहिला शिकवणारा हवा. ग्रंथाच्या शेवटी, इतके ऐकूनही ज्यांच्या मनात देव वसत नाही त्यांनाही तूच तार, अशी तो प्रार्थना करतो. कारण विरोध करताना का होईना, त्यांनी तुझेच चिंतन केले.

ही अनुमाने निर्णायक मात्र नाहीत. उदयनाच्या कितीतरी आधी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने त्यांतली फट दाखवली होती. मातीचा घट कुंभार घडवतो, म्हणून मातीचेच असलेले वारूळही कुंभाराने केले असे म्हणायचे काय? नुसत्या ‘कार्य’ या शब्दाच्या साम्यावरून कर्ता सिद्ध होत नाही. ज्या प्रकारची रचना कर्त्याकडून होताना आपण पाहिली, त्याच प्रकारची रचना दाखवावी लागते. वेदान्ती रामानुजानेही ‘श्रीभाष्या’त हे अनुमान नाकारले: मोठ्या वास्तू अनेक जण मिळून, निरनिराळ्या काळी बांधतात, तेव्हा जगाचा कर्ता एकच कशावरून? त्याच्या मते ब्रह्म केवळ शास्त्रावरूनच कळते. ही भूमिका तर्काच्या मर्यादेबाबत प्रामाणिक आहे, पण तिने सारा भार शास्त्रावर पडतो, आणि बौद्ध किंवा जैन आपले शास्त्र पुढे करू लागला की निवाडा करायला काही उरत नाही.

श्रद्धेच्या बाजूने गीतेचा आधार नेहमी दिला जातो. पण सतराव्या अध्यायाचा आरंभच एका शंकेने होतो: शास्त्रविधी सोडून जे श्रद्धेने यजन करतात त्यांची निष्ठा कोणती? त्यावर श्रद्धा सात्त्विक, राजस व तामस अशी तीन प्रकारची सांगितली आहे. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीतही हा अध्याय सविस्तर विवरला आहे. श्रद्धा ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे ठरत असेल, तर तिच्यावरून श्रद्धा ठेवणारा कसा आहे हे कळते. ज्यावर ती ठेवली ते खरे आहे की नाही हे कळत नाही. माणसाला चिकाटी, शिस्त आणि शोधाची ओढ देण्याचे तिचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही, पण ते पुराव्याचे काम नव्हे.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात या वादाला सामाजिक धार आली. जोतीराव फुले यांनी ग्रंथप्रामाण्य झुगारले आणि तरीही विश्वाचा निर्मिक मानला. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका’त ही भूमिका दिसते. तर्काच्या अंगाने पाहता फुल्यांनी शब्दाची वाट सोडून कार्यावरून कर्त्याकडे जाणारी वाट धरली. धर्मकीर्तीची हरकत तिलाही लागू होतेच. परंतु ग्रंथाच्या नावाने माणसांना हीन ठरवण्याचा अधिकार त्यांनी काढून घेतला, आणि आप्ताची कसोटी सर्वांना सारखी लावण्याचा अर्थ त्यांच्याइतका शेवटपर्यंत कोणी नेला नव्हता. पुढे नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाच्या अस्तित्वाबाबत तटस्थ राहून, ज्या दाव्यांचा पडताळा घेता येतो तेवढ्यांनाच आव्हान देण्याचे धोरण ठेवले. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला.